बाळाच्या ठोक्यांतून सेप्सिस आधीच कसा ओळखतात?

स्मार्टवॉच वापरत असाल तर त्यात 'एचआरव्ही' हा आकडा पाहिला असेल. हृदयाचे ठोके घड्याळासारखे अगदी समान अंतराने पडत नाहीत, किंचित मागे-पुढे होतात. हा आकडा त्याचाच. आणि नवजात बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, लवकर पकडायलाही हेच मागे-पुढे होणं कामी येतं.

अडचण अशी की सेप्सिस झालेलं बाळ सुरुवातीला फारसं काही दाखवतच नाही. दूध कमी पितं, जरा मलूल वाटतं, इतकंच. ताप येईलच असं नाही, उलट अंग गारही पडतं. ब्लड कल्चरचा रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागतात, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तब्येत काही तासांत ढासळू शकते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ रँडल मूरमन आणि सहकाऱ्यांना दिसलं, की बाळ आजारी दिसण्याआधीच ठोक्यांमधला चढउतार कमी होतो आणि मध्येच ठोके अचानक मंदावून परत येतात. मॉनिटरवर मात्र 140-145 असा नॉर्मल आकडाच दिसत राहतो! म्हणून त्यांनी 'हीरो' नावाची सिस्टिम बनवली. बाळाला आधीच लावलेल्या मॉनिटरचा ईसीजी सिग्नल ती वाचते. नवी सुई नाही, नवा सेन्सर नाही. स्कोअर 2 आला तर पुढच्या 24 तासांत सेप्सिसचा धोका नेहमीच्या दुप्पट.

2011 मध्ये याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. दीड किलोपेक्षा कमी वजनाची 3003 बाळं, त्यातल्या निम्म्यांचाच स्कोअर डॉक्टरांना दाखवला. स्कोअर दिसत नव्हता त्या गटात 10.2 टक्के बाळं दगावली, दिसत होता तिथे 8.1 टक्के. अर्थात स्कोअर वाढला म्हणजे सेप्सिसच, असं नाही. श्वासाच्या त्रासानेही तो चढतो. निदान शेवटी डॉक्टरच करतात.

पण एनआयसीयूच जवळ नसेल तर? गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना बाळाचे श्वास मोजायला, ताप बघायला आणि सेप्सिस ओळखून औषध द्यायला शिकवलं. तिथले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे 62 टक्क्यांनी घटले. हे 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं.

घरात तान्हं बाळ असेल तर हार्ट रेटची ॲप्स त्याच्यावर लावून बघू नका. स्टॉपवॉच मात्र कामाचं आहे. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. 60 किंवा जास्त आले तर परत मोजा. पुन्हा तेवढेच आले, किंवा बाळ दूध ओढत नसेल, अंग गार लागत असेल, तर सकाळची वाट न बघता 108 लावा.