मिनिटभर श्वास मोजा

मुलांच्या दुखण्यांचा आढावा म्हटलं की लेखक लसींवरच पानं भरतात. लसी हव्यातच, पण तो भाग मी थोडक्यात उरकतो. देवी १९७५ मध्ये देशातून गेल्या. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. गोवराला मात्र आपण गृहीत धरलं. २०२२ च्या अखेरीस तो मुंबईत गोवंडीतून शहरभर पसरला आणि चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय लहान मुलांनी भरून गेलं. कांजिण्या, गालगुंड, खरूज, जंत यांच्यावर दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच.

मला लिहायचं आहे खोकल्यावर आणि जुलाबांवर, कारण वरळीत आयुष्यभर डॉक्टर म्हणून मी याच दोन दुखण्यांशी झुंजलो.

बीडीडी चाळीतली खोली एकशेसाठ चौरस फुटांची. त्यात आठ-दहा माणसं, स्टोव्हचा धूर, पावसाळ्यात भिंतींना ओल आणि वर बाळाला ओव्याची धुरी. नाक गळत नाही असं मूल सापडणं कठीण. शंभर खोकणाऱ्या मुलांतलं न्यूमोनियाचं नेमकं कोणतं, हे ओळखण्यात डॉक्टरची खरी कसोटी. रडणाऱ्या पोराच्या छातीला नळी लावून फारसं काही कळत नाही. पापुआ न्यू गिनीत काम करणाऱ्या फ्रँक शान यांनी साधा मार्ग दाखवला: श्वास मोजा. मूल शांत असताना सदरा वर करायचा आणि पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल बघायची. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे पन्नास, पाच वर्षांपर्यंतच्याचे चाळीस किंवा जास्त श्वास भरले, तर तो साधा खोकला समजायचा नाही. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर थेट रुग्णालय गाठायचं.

हे बायांना शिकवायला मी चाळीच्या गॅलरीत बसू लागलो, तेव्हा आमच्याच व्यवसायातल्या काही मान्यवरांनी नाकं मुरडली. निदान हे डॉक्टरचं काम, गिरणी कामगारांच्या बायकांना ते झेपणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आजही ते तसंच बोलतात. त्यांना उत्तर गडचिरोलीनं दिलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या साध्या आरोग्यदूतांना, सुइणींना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली उतरले होते. ज्यांना अंक वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. जे गडचिरोलीत जमलं ते मुंबईत का जमू नये?

आणि जमलंच. एका पावसाळी रात्री चाळीतली एक आजी नातवाला पदराखाली घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढून आली. सात महिन्यांचं पोर. सुई द्या, टॉनिक द्या, असं काही ती म्हणाली नाही. "डॉक्टर, दोनदा मोजले. दोन्ही वेळा त्रेपन्न भरले," एवढंच बोलली. मी मोजले, तेवढेच होते. त्या रात्री औषध सुरू झालं आणि पोर वाचलं. माझ्या पदव्यांपेक्षा त्या म्हातारीचं मोजणं मला मोलाचं वाटतं.

जुलाबांची कथा अशीच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पाणी ड्रममधून वाटलं. मृत्यू झपाट्यानं घटले. हे पाणी आई घरातच पाजू शकते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात क्षार-साखरेची, म्हणजे 'ओआरएस'ची, एक पुडी पूर्ण रिकामी करायची. पुडी नसेल तर सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्यानं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सोबत चौदा दिवस झिंक. दातांमुळे जुलाब होतात म्हणून वाट पाहत बसलेली घरं मी पाहिली. तोवर बाळाची टाळू खोल गेलेली असे.

आज काय दिसतं? सर्दी झाली की सिरप, दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक, तिसऱ्या दिवशी वाफेचं मशीन. सदरा वर करून मिनिटभर बघायला मात्र कुणाला सवड नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याची पोरं विषारी कफ सिरपनं दगावली. त्यांतल्या कित्येकांनी नागपूरच्या रुग्णालयांत शेवटचा श्वास घेतला. पाच वर्षांच्या आतल्या मुलाच्या साध्या खोकल्याला या सिरपांची गरजच नसते. साखरेच्या गोड पेयांवर 'ओआरएस' छापून ती औषधांच्या दुकानांत वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष एकाकी लढल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये ते नाव वापरायला बंदी आली. अति साखरेनं जुलाब वाढतात, हे ठाऊक असलेले डॉक्टर या शहरात हजारो होते. ते गप्प राहिले, याचा मला मनापासून संताप आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये बीडीडीच्या पहिल्या रहिवाशांना टॉवरमधल्या पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ओल गेली, धूर गेला, याचा आनंद आहेच. पण गॅलरीही गेली, आणि शेजारणीच्या पोराचं पोट उडतंय हे बघणारी नजर बंद दाराआड राहिली. म्हणून माझी मागणी आहे: प्रत्येक सोसायटीच्या सभागृहात, प्रत्येक बालवाडीत, वर्षातून एकदा आया आणि आज्यांना श्वास मोजायला आणि पुडी कालवायला शिकवा. मूल दूध ओढत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटके येत असतील, गुंगीत असेल, तर क्षणभरही न थांबता परळचं वाडिया रुग्णालय गाठायचं, हेही शिकवा. या शिकवणीला लागतं सेकंदकाट्याचं घड्याळ आणि शिकवणाऱ्याची तासाभराची बैठक. महापालिकेच्या आरोग्यसेविका हे उत्तम करतील; त्यांना वेळ आणि मान द्या.