ड्रोनची बॅटरी अकाली का बिघडते?

बहुतेक ड्रोनमध्ये लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तिचा सेल पूर्ण चार्ज झाल्यावर साधारण ४.२ व्होल्ट दाखवतो. ३ व्होल्टच्या खाली गेल्यास त्याची कायमची हानी होऊ शकते. पूर्ण भरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच ठेवणे, ड्रोन उतरताच तापलेली बॅटरी चार्जिंगला लावणे, ही अकाली बिघाडाची नेहमीची कारणे. साठवताना प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर, थंड व कोरड्या जागी ठेवावा. उड्डाणाचा वेळ घटणे आणि सेलच्या व्होल्टेजमध्ये तफावत पडणे ही झिजेची लक्षणे. नवी बॅटरी लवकर बिघडल्यास बिल व चार्जिंगच्या नोंदी दाखवून वॉरंटीत बदलून मागावी. फुगलेली बॅटरी टोचू, दाबू किंवा पुन्हा चार्ज करू नये; ती पेट घेऊ शकते. ती अधिकृत ई-कचरा केंद्रातच द्यावी.