सायकलवर पै-पाहुणे : नांदेड ते हिंगोली

नात्यातली घरं वाटेवर असतील तर एकट्याने लांब सायकलिंग करायला हिंगोली जिल्हा झकास. नांदेडहून कळमनुरीमार्गे राष्ट्रीय महामार्ग 161 सरळ हिंगोलीला जातो, पण ट्रकची वर्दळ. मी वसमत-औंढा नागनाथ वाट धरतो. वसमतला मावशी आहे, हेही कारण आहेच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालात तर शिवारात हळद शिजत असते. वाफेवर शिजलेले कंद उन्हात पसरायचे, खडखडीत वाळले की ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायचे. वास रस्त्यापर्यंत येतो. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

औंढ्याजवळ डोंगर लागतात, गिअर हलका ठेवा. नागनाथाच्या हेमाडपंती देवळावरचं कोरीवकाम सावकाश बघा. हिंगोलीत आत्याकडे मुक्काम. सकाळी कयाधूकाठचं नर्सी, संत नामदेवांचं जन्मगाव.

बाभळीचे काटे फार, म्हणून दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं सामान घ्याच. उन्हाळ्यात अकराच्या आत पोचा. आणि मावशीला आधीच फोन करून सांगा, पुरणपोळी रात्री. दुपारी खाऊन चढ चढवत नाही!