धुराची वाट

मोठ्या इमारतीस आग लागली असें ऐकतांच आपल्या डोळ्यांपुढें प्रथम ज्वाळा उभ्या राहतात. परंतु अशा प्रसंगीं जीं माणसें दगावतात, त्यांपैकीं पुष्कळांना ज्वाळेचा स्पर्शहि झालेला नसतो. त्यांचा प्राण धूर घेतो. यास्तव इमारतींत पाण्याची सोय किती आहे इतकेंच पाहून भागत नाहीं. धूर कोणत्या वाटेनें बाहेर जाईल हेंहि बांधतांनाच ठरवावें लागतें. तशी वाट नसेल तर धूर स्वतः ती शोधतो, आणि ती बहुधा माणसांच्या वाटेवरूनच जाते.

धुराचा स्वभाव आपल्या आजीबाईंना चांगला ठाऊक होता. देशावरील माळवदाच्या घरांत चुलीच्या वर छतास सवणें ठेवीत. कोंकणांत कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व तिच्याबरोबर धूरहि चढतो. वर वाट नसली म्हणजे तो छताखालीं पसरतो, त्याचा थर जाड होत होत खालीं उतरूं लागतो, आणि शेवटीं उभ्या माणसाच्या नाकातोंडापर्यंत येतो. जमिनीलगत मात्र कांहीं वेळ बरी हवा राहते. म्हणून धुरांत सांपडल्यास ओणवें होऊन, किंबहुना रांगत, बाहेर पडावें. या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां या वायूस दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें मनुष्यास गुंगी येते, आणि दार समोर दिसत असूनहि पावलें तेथवर पोहोंचत नाहींत.

धुराची वाट बंद असणें केवढें महाग पडतें, तें अमेरिकेंतील शिकागो शहरीं दिसून आलें. तेथील इरोक्वा नाट्यगृह १९०३ च्या नोव्हेंबरांत उघडलें, तें ‘सर्वस्वी अग्निरोधक’ अशा जाहिरातीनिशीं. ३० डिसेंबर रोजीं, नाताळच्या सुट्टींतील दुपारच्या खेळास, तें स्त्रिया व मुलें यांनीं खचून भरलें होतें. रंगभूमीवरील विजेच्या दिव्याची ठिणगी एका कापडी पडद्यास लागली. प्रेक्षक व रंगभूमी यांच्यामध्यें सोडावयाचा ॲस्बेस्टॉसचा पडदा उतरतां उतरतां अडकला. रंगभूमीच्या छपरांत धुरासाठीं झडपा ठेवल्या होत्या, पण त्या उघडतां येण्याजोग्या नव्हत्या. इतक्यांत नटमंडळींनीं जीव वांचविण्यासाठीं मागील मोठें दार उघडलें. थंडगार वारा आंत घुसला. वर जाण्यास मार्ग नाहीं, तेव्हां आग व धूर यांचा लोट अडकलेल्या पडद्याखालून निघून थेट वरच्या गॅलऱ्यांकडे गेला. कित्येक दारें आंतल्या बाजूस उघडणारीं, कित्येकांच्या कड्या अपरिचित. ६०० हून अधिक माणसें मेलीं. इमारत मात्र बहुतेक जशीच्या तशी उभी राहिली. भिंतींपुरती ती जाहिरात खरी ठरली, असें म्हणावयाचें!

याच्या उलट एडिंबरो येथील एम्पायर पॅलेस नाट्यगृहाची हकीकत. ९ मे १९११ रोजीं लाफायेत नांवाच्या जादूगाराच्या खेळांत रंगभूमी पेटली. येथें रक्षक पडदा खालीं आला, वादकांनीं राष्ट्रगीत सुरू केलें, व सुमारें ३००० प्रेक्षक अवघ्या अडीच मिनिटांत बाहेर पडले. पडद्यामागें लाफायेत व त्याचे कांहीं सोबती मृत्युमुखीं पडले. प्रेक्षकांपैकीं एकहि गेला नाहीं.

आग रंगभूमीवरच लागेल असा नेम नाहीं. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं ती तळमजल्यावरील ट्रान्स्फॉर्मरपाशीं लागली. धूर जिन्यानें वर चढून बाल्कनींत भरला. तेथील एका बाजूची वाट जादा खुर्च्यांनीं अडविलेली होती. ५९ जीव गुदमरून गेले. जिना म्हणजे उंच पोकळ नळी. तळाशीं आग लागली कीं तोच धुराडें होऊन बसतो. लिफ्टची विहीर तशीच, म्हणून आगीच्या वेळीं लिफ्टचें नांवहि काढूं नये.

आतां यावर इलाज कोणते, तें थोडक्यांत सांगतों. गोदामें, सभागृहें यांच्या छपरांत अशा झडपा बसवितात कीं, ठराविक उष्णता लागतांच त्यांचा धातूचा जोड वितळतो व त्या आपोआप उघडतात; मात्र धूर वर जाण्यास खालून ताजी हवा आंत येण्याचीहि सोय लागते. उंच इमारतींत पंख्यांच्या योगें जिन्यामध्यें स्वच्छ हवा दाबानें भरतात, म्हणजे धूर आंत शिरूं शकत नाहीं. आमच्या मतें यापैकीं अत्यंत स्वस्त व अत्यंत दुर्लक्षित साधन म्हणजे जिन्याचें जड, आपोआप मिटणारें दार. तें उघडें राहिलें तर पंख्यांचा सारा दाब वायां जातो. पण उन्हाळ्यांत वारा यावा म्हणून त्याच दारास वीट वा कुंडी लावून ठेवण्याची चाल पुष्कळ इमारतींत आहे. आपल्या विद्यार्थ्यांपैकीं जे अशा घरांत राहतात, त्यांनीं घरीं गेल्यावर आपला जिना पाहावा. वीट असल्यास वडील माणसांस सांगून ती काढवावी, आणि ती कां काढली हें वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांसहि कळवावें, नाहीं तर सायंकाळीं ती पुन्हां तेथेंच दिसेल.