राईचा हजेरीपट



वनस्पतिशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले; शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु एका प्रश्नाशी माझा जुना परिचय आहे. ‘एवढ्याशा जागेत राखण्यासारखे उरले आहे काय?’ वीस माणसांच्या कारखान्याविषयी हा प्रश्न मी ऐकला, आणि गावच्या दोन एकरांच्या देवराईविषयीही ऐकला. त्याचे उत्तर शास्त्राच्या आधारे शोधावे, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

देवराई म्हणजे काळकाई, वाघजाई यांसारख्या देवतेच्या नावाने राखलेला झाडोरा. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही असा संकेत. 1970 नंतरच्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतील अशा राया पायी हिंडून पाहिल्या. काहींत मोजकीच झाडे होती, तर काही कित्येक एकरांच्या होत्या. भोवतालचे रान तुटले आणि शेते, कुरणे व माळ यांच्या समुद्रात राई बेटासारखी उरली.

बेटांचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडलेला आहे. मॅकआर्थर आणि विल्सन यांचा या विषयावरचा ग्रंथ 1967 साली निघाला. जागा जितकी लहान आणि दूर, तितक्या तेथे जाती कमी, हे त्याचे सार. ढोबळ मानाने, क्षेत्र दहावा हिस्सा उरले तर जाती निम्म्यावर येतात. म्हणजे जागा घटते त्या प्रमाणात जाती घटत नाहीत, ही पहिली दिलाशाची गोष्ट.

पण दुसरी गोष्ट कडेची आहे. एक हेक्टरचा, म्हणजे सुमारे अडीच एकरांचा, चौरस तुकडा घ्या. त्याची प्रत्येक बाजू शंभर मीटर. ऊन आणि कोरडा वारा चोहोबाजूंनी पंचवीस मीटर आत शिरला, तर गार, ओलसर असा गाभा पाव हेक्टरच उरतो. उलट शंभर हेक्टरच्या चौरसात याच हिशेबाने नव्वद हेक्टर गाभा राहतो. ब्राझीलमध्ये मानौस शहराच्या उत्तरेस 1979 पासून एक, दहा आणि शंभर हेक्टरचे वनाचे तुकडे पाहणीखाली आहेत. कडेलगतची मोठी झाडे तेथे लवकर मरतात आणि त्यांच्या जागी वेली व उन्हाची हावरी झाडे माजतात, असे दिसून आले. आपल्याकडे कडेने घाणेरी आणि रानमोडी शिरते, ती अशीच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. एका कारखान्यात मी कित्येक वर्षे वर्गणी गोळा केली. हजेरीपट भरलेला असे, यंत्रे चालत. मात्र नवी भरती थांबली होती. सर्वांचे केस पांढरे झाले तेव्हा कोठे ते आमच्या ध्यानी आले, आणि तोवर उशीर झाला होता. राईचेही असेच होते. बेहडा, जांभूळ, धूप यांचे वृक्ष दीर्घायुषी. मोजणीत त्यांची नावे लागतात. परंतु खाली रोप आहे काय? गुरे रोपे खातात. मोठी फळे गिळून बी दूर नेणारा धनेश येईनासा होतो. एकाच जातीची दोनचार झाडे उरली तर परागीभवनही अवघड होते. टिल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली या अवस्थेला जातिनाशाचे ऋण म्हटले. तोड आज झाली, वसुली मात्र पुढे कित्येक वर्षांनी व्हायची. कर्ज काढलेल्या माणसाला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही.

मग लहान तुकडा सोडून द्यावा काय? 1975 साली जेरेड डायमंड यांनी एकच मोठे क्षेत्र राखणे बरे, असे मत दिले. दुसऱ्याच वर्षी सिम्बरलॉफ आणि एबेल यांनी त्याला हरकत घेतली. अनेक लहान तुकडे मिळून तितक्याच किंवा त्याहूनही अधिक जाती सांभाळू शकतात, असे त्यांचे म्हणणे. कारण उघड आहे. एक राई ओढ्याकाठी, दुसरी कातळावर, तिसरी डोंगराच्या खांद्यावर. एकीत गारंबीचा महावेल, तर दुसरीत सुरंगी. मोठ्या वनाची बरोबरी लहान राई करू शकत नाही, हे खरे. पण जेथे मोठे वन उरलेलेच नाही, तेथे राई बियाण्याची शेवटची कणगी आहे. कणगी लहान म्हणून कोणी ती ओतून टाकत नाही.

तेव्हा करायचे काय? देवळाच्या जीर्णोद्धारासाठी झाडे विकू नयेत. झाडण्याच्या उत्साहात पाचोळा व रोपे काढू नयेत. कडेची देशी झुडपे तोडू नयेत, कारण तोच राईचा कूस. गुरे आवरावीत. आणि ओढ्याकाठची झाडे व बांधावरच्या जाळ्या राखून एक राई दुसरीशी जोडावी. एकटा पडलेला लवकर मोडतो, हे आम्हा संघटनेच्या माणसांना अनुभवाने ठाऊक आहे.

पुढच्या खेपेस देवराईत जाल तेव्हा वर पाहून हात जोडाच. पण नंतर खाली वाकून रोपे मोजा. राईचा खरा हजेरीपट तेथे आहे.