पल्स का वाढेना?

धडधड होते म्हणून डॉक्टरांकडे गेलात आणि मेटोप्रोलॉल घेऊन आलात. चार दिवसांत लक्षात येतं, अलार्म वाजतो पण अंग उठत नाही. एसी ऑफिसात बोटं गारठतात, रात्री भलतीसलती स्वप्नं पडतात. ट्रेडमिलवर तर कमालच! घाम गळतोय, पण पल्स वर जायला तयार नाही.

मशीन बिघडलेलं नाही. अ‍ॅड्रेनलिनचा हुकूम हृदयापर्यंत पूर्ण पोहोचू न देणं, हेच या बीटा ब्लॉकर गोळीचं काम. (याच जातीची प्रोप्रानोलॉल शोधणाऱ्या जेम्स ब्लॅकना १९८८ चं नोबेल मिळालं.) म्हणून व्यायाम करताना आकडा विसरा, धाप न लागता बोलता येतंय ना, एवढंच बघा. थकवा बहुतेकांचा काही आठवड्यांत ओसरतो.

पण ‘जाऊ दे, बंदच करू’ म्हणालात की घोळ! गोळी अचानक सोडली तर धडधड उसळून परत येते, छातीत दुखू शकतं, क्वचित अ‍ॅटॅकही. सोडायचीच तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. चक्कर, अंधारी किंवा श्वास अडकल्यासारखं झालं तर मात्र लगेच फोन लावा.

आणि हो, बेडरूममध्ये अडचण येत असेल तर तेही सांगून टाका. लाजताय काय? गोळी बदलता येते.