गुरुवारचं ऊन

नढेनगरमधून रात्री साडेनऊला फोन आला. "दादा, आमच्याकडं गीझर लावला की गाडी चार्ज व्हायला लागते."

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. सकाळी पुन्हा फोन. "आंघोळी झाल्या, गीझर बंद केला, तरी गाडी थांबेना. मेन पडली तेव्हाच थांबली." आणि भर दुपारी, गच्चीवर पॅनलं तापलेली असताना, सोलरची उरलेली वीज गाडीला देणारा त्यांचा नवा कोरा स्मार्ट चार्जर ढिम्म बसून असायचा.

जाऊन पाहिलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. मीटरजवळच्या मुख्य तारेला बांगडीसारखी एक पकड अडकवायची असते, सी.टी. म्हणतात तिला. घरात वीज येतेय की बाहेर चाललीय, हे चार्जरला तीच सांगते. तिच्यावर एक बारीकसा बाण असतो. आमच्या पोरानं ती उलटी अडकवली होती आणि मी न बघता झाकण लावलं होतं. त्यामुळं गीझरनं वीज ओढली की चार्जरला वाटायचं, वा, दोन किलोवॅट उरतायत, दे गाडीला. गाडीनं ओढायला सुरुवात केली की त्याला आणखीच उरल्याचा भास. अशी चढत चढत मेन पडेपर्यंत मजल. दुपारी खरोखर उरायची तेव्हा त्याच्या लेखी घरात टंचाई. बांगडी फिरवायला पाच मिनिटं लागली. चहा दोनदा झाला, पैसे मी घेतले नाहीत.

काळेवाडीत सोलर आणि चार्जर बसवायचं काम करताना पहिली भांडणं विजेची नसतात, गच्चीची असतात. घराची जागा अर्धा गुंठा, म्हणजे साधारण ५४४ चौरस फूट. त्यातून पाण्याची टाकी, जिन्यावरची खोली आणि शेजाऱ्याच्या वाढलेल्या मजल्याची सावली वजा करा. एका किलोवॅटच्या पॅनलांना शंभरेक फूट लागतात. सावलीचं तर विचारूच नका, साध्या जोडणीत एका पॅनलवर सावली पडली की अख्ख्या ओळीचा जोर जातो.

तापकीरनगरमधल्या एका घरी मुलानं तीन किलोवॅट ठरवले होते. तो चाकणला कामाला, पहिल्या पिढीतली इलेक्ट्रिक नेक्सॉन जुन्या बाजारातून घेतलेली, ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी. आम्ही फीत घेऊन मापं काढत होतो, तेवढ्यात आई वर आल्या. "कुरडया कुठं घालायच्या?" मी म्हटलं, "काकू, सांगाडा आठ फूट उंच करतो, खाली सगळी गच्ची मोकळी." त्या म्हणाल्या, "खाली सावली पडंल ना रे बाबा. सावलीत कुरडई वाळती का?" मी गप्प. आजवर एकाही इंजिनिअरनं मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.

शेवटी दक्षिणेकडची पट्टी आईंना गेली आणि तीनाचे दोन किलोवॅट झाले. मुलाचा हिशोब तयारच होता. २०२४ च्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार अनुदान, तिसऱ्याला १८ हजार, आणि ७८ हजारांवर काही नाही. "आईच्या कुरडयांनी माझे १८ हजार खाल्ले," हे तो अजून पाहुण्यांना सांगतो.

खरं तर त्याला दोन पुरायला हवे होते. चाकणला जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, म्हणजे सात-आठ युनिट. आपल्याकडं एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. कागदावर जमतंय. गंमत पुढं आहे.

चार्जर वीज सोडण्याआधी गाडीला निरोप पाठवतो, सेकंदाला हजारदा वर-खाली होणारा एक सिग्नल. त्याचा वरचा भाग दहा टक्के असला तर गाडीनं समजायचं सहा अँपिअर, त्रेपन्न टक्क्यांच्या आसपास असला तर बत्तीस. सहाच्या खाली बोलायची या भाषेत सोयच नाही. सहा अँपिअर म्हणजे १.४ किलोवॅट. दोन किलोवॅटची पॅनलं भर दुपारी दीड-पावणेदोन देणार, त्यातलं फ्रिज-पंख्यांनी खायचं, म्हणजे चार्जर कायम उंबरठ्यावर. ढग आला की बंद, सरकला की चालू. प्रत्येक वेळी आतला कॉन्टॅक्टर 'टक्' करतो.

जुलैत आईंचा फोन. "भिंतीत पाल चुकचुकतीय. दिवसभर. कृष्ण कृष्ण म्हणून जीभ दमली."

चार्जरची सेटिंग बदलली. एकदा सुरू झाला की दहा मिनिटं थांबायचं नाही, कमी पडेल ते लाइनमधून घ्यायचं. पाल गेली.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, गिऱ्हाईक सहसा विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही. नेट मीटर असेल तर दुपारची उरलेली वीज लाइनमध्ये जाते आणि रात्री घेतलेल्या युनिटमधून वजा होते. मग गाडी दुपारी लावली काय आणि रात्री लावली काय, बिलात फारसा फरक पडत नाही. उन्हाच्या मागं धावणारा चार्जर अशा घराला बराचसा हौसेचा. त्याचा खरा उपयोग गीझर, एसी आणि गाडी एकदम अंगावर येऊ न देण्याचा. हे सांगितल्यानं माझे काही महागडे चार्जर विकायचे राहिले. उलट ज्याच्या गच्चीवर एकही पॅनल नाही तो शेजारी आता घड्याळ बघतो, कारण १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणाऱ्या मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या घरगुती वापराला युनिटमागं ८० पैशांपासून सवलत सुरू झाली.

पण दुपारी गाडी घरी असते कोणाची? इथं आमच्या पट्ट्याचं सगळं कोडं आहे. फर्स्ट शिफ्टवाल्याची गाडी उन्हात कंपनीच्या पार्किंगला उभी. थर्डवाल्याची घरी असते, पण तो झोपलेला आणि केबल लावायला विसरलेला. भाग्यवान सेकंड शिफ्टवाला, दोनपर्यंत गाडी दारात. कुरडईवाल्या घरातल्या मुलाची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. त्याच्या अ‍ॅपमध्ये मी तीन वेळापत्रकं घालून दिलीत, नावं फर्स्ट, सेकंड, थर्ड. रविवारी रात्री तो एक निवडतो.

राहिला गुरुवार. त्याच्या कंपनीची सुट्टी गुरुवारची, या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची असते तशी. गाडी दिवसभर दारात, ऊन कडक, आणि दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवायचा वारही बहुतेक तोच. लाइन गेली की सोलरचा इन्व्हर्टरही स्वतःहून बंद होतो. व्हायलाच हवा, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या गच्चीवरची वीज खालून चिकटायची. हे मी त्याला निदान चारदा समजावलंय. तरी गेल्या एप्रिलमधल्या गुरुवारी बाराच्या ठोक्याला फोन आलाच.

"दादा, दोन्ही किलोवॅट उन्हात पडलेत आणि गाडी तेरा टक्क्यांवर हाय."

मागून आईंचा आवाज ऐकू आला. त्या सुनेला सांगत होत्या, दक्षिणेकडच्या कुरडया कडक झाल्या, आता उलटून घे.